ट्रामचा रस्ता कुणाचा?

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं. दहावीच्या पेपरनंतर मराठीत एवढं लिहिण्याची वेळ आज पहिल्यांदाच आली आहे. मराठी विभागाच्या संपादकांनी "काहीतरी टेक्निकल दे, पण मराठीत" असं म्हटलं आणि मी उत्साहात हो म्हणून बसले. आता ऱ्हस्व-दीर्घाशी मारामारी चालू आहे. तेव्हा चुका पोटात घाला.

तर विषय निघाला मेसमध्ये. आपल्याकडे सगळे मोठे विषय मेसमध्येच निघतात. आमच्या टेबलावर मेट्रोवरून वाद चालला होता. एकजण म्हणाला, "एवढे खांब उभारायचे, स्टेशनं हवेत बांधायची, त्यापेक्षा सरळ रस्त्यावर रूळ टाका ना! युरोपात ट्राम कशी मस्त चालते." त्यावर दुसरा म्हणाला, "आपल्याकडे त्या रुळांवर आधी रिक्षा उभ्या राहतील, मग वडापावची गाडी लागेल." सगळे हसले. मीही हसले. पण मला तिसऱ्या वर्षाच्या सेमिनारला विषय हवाच होता. म्हटलं, हाच घेऊ. रस्त्यावरून धावणारी रेल्वे बाकीच्या ट्रॅफिकपासून वेगळी करायची का, आणि करायची तर किती?

आजोबांची ट्राम

सुरुवात केली घरापासून. आजोबांना फोन लावला. "आजोबा, तुम्ही मुंबईच्या ट्राममध्ये बसला होता का हो?"

"बसला होतात का म्हणजे? अगं, दादर टी.टी. म्हणजे काय वाटतं तुला? ट्राम टर्मिनस!"

खरं सांगते, मला माहीत नव्हतं. मुंबईत ९ मे १८७४ ला घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ मध्ये विजेची आली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम धावली. आजोबा तेव्हा बावीस वर्षांचे होते. मी विचारलं, "मग लोकांना आवडत होती तर बंद का केली?"

आजोबा म्हणाले, "शेवटी शेवटी मोटारी फार वाढल्या. पुढे एक टॅक्सी आडवी आली की तिच्यामागे ट्राम, तिच्यामागे दुसरी ट्राम. बसची गोष्ट वेगळी, ती बाजूने काढता येते. ट्राम कुठून काढणार? आम्ही उतरून चालत पुढे जायचो."

माझ्या सेमिनारचा सगळा सारांश आजोबांनी दोन मिनिटांत सांगितला होता. बंद होण्याची बाकीही कारणं होती, पण इंजिनिअरिंगच्या दृष्टीने गोम इथेच आहे. ट्रामला बाजूला होता येत नाही. तिच्या वाटेतला प्रत्येक अडथळा हा तिचा स्वतःचा उशीर होतो.

थांबायचं म्हणजे किती?

दुसरी गोम आहे ब्रेकची. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरतं, म्हणून घर्षण कमी. त्यामुळेच वीज कमी लागते, पण त्यामुळेच थांबायला अंतर जास्त लागतं. रबरी टायरची मोटार कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला तर सेकंदाला सेकंदाला साधारण ७ मीटर या दराने वेग कमी करू शकते. आधुनिक ट्रामला विजेचा ब्रेक, डिस्क ब्रेक आणि शिवाय थेट रुळाला चिकटणारा मॅग्नेटिक ब्रेक असतो. हे तिन्ही एकदम लावले तरी तिचा दर २.५ ते ३ च्या आसपास राहतो.

आता अकरावीचं फिजिक्स आठवा. वेगाचा वर्ग भागिले दोन गुणिले दर. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १३.९ मीटर. मोटार जवळजवळ १४ मीटरमध्ये थांबते. ट्रामला आणीबाणीत ३४ मीटर लागतात. ड्रायव्हरचा प्रतिक्रियेचा एक सेकंद धरला तर दोन्हींत आणखी १४ मीटर मिळवा. आणि हा झाला आणीबाणीचा ब्रेक. रोजचा ब्रेक एवढा जोरात लावला तर आत उभे असलेले प्रवासी एकमेकांच्या अंगावर पडतील. तिथे दर १.२ धरला तर ८० मीटर लागतात!

म्हणजे समोर स्कूटर आली तर ट्रामचा ड्रायव्हर दोनच गोष्टी करू शकतो. घंटा वाजवणं आणि ब्रेक दाबणं. स्टिअरिंग त्याच्या हातात नाहीच. म्हणून मिश्र ट्रॅफिकमध्ये ट्राम हळूच चालवावी लागते, आणि हळू चालली की लोक म्हणतात, "हिच्यापेक्षा चालत गेलेलं बरं."

ए, बी आणि सी

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकवणारे प्राध्यापक वुकान वुचिक यांनी या सगळ्याची एक सोपी वर्गवारी केली. ट्रान्स्पोर्टेशनच्या अभ्यासात ती सगळीकडे वापरतात. पाठ करायला फक्त तीन अक्षरं आहेत, सबमिशनच्या आदल्या रात्रीही जमेल.

सी म्हणजे मिश्र. रूळ रस्त्यातच बसवलेले, त्यांवरून मोटारी, सायकली सगळं चालतं. मेलबर्नचं जाळं जगातल्या सर्वांत मोठ्या जाळ्यांपैकी एक आहे, सुमारे २५० किलोमीटरचं. त्यातला जवळजवळ तीन चतुर्थांश भाग मोटारींबरोबर वाटून घेतलेला आहे. सरासरी वेग किती? ताशी सुमारे १६ किलोमीटर. जोर लावला तर आपल्या हॉस्टेलमधला सायकलवाला शर्यत जिंकेल.

बी म्हणजे लांबीने वेगळं, पण चौकात एकत्र. रस्त्याच्या मधोमध किंवा कडेला रुळांची स्वतःची पट्टी, बाजूला उंच कडा किंवा कुंपण, खाली बऱ्याचदा गवत. मोटार त्यात शिरू शकत नाही. पण चौक आला की सगळ्यांना एकच सिग्नल. फ्रान्समध्ये नांतने १९८५ मध्ये आणि स्ट्रासबुर्गने १९९४ मध्ये ट्राम परत आणली ती मुख्यतः याच पद्धतीने.

ए म्हणजे पूर्ण वेगळं. वरून, खालून किंवा स्वतंत्र जागेतून. कुठेही लेव्हल क्रॉसिंग नाही. मनिलाची लाइट रेल १९८४ मध्ये रस्त्याच्या वर खांबांवर सुरू झाली. लंडनची डॉकलँड्स लाइट रेल्वे १९८७ मध्ये सुरू झाली ती पहिल्या दिवसापासून ऑटोमॅटिक, ड्रायव्हरच्या केबिनशिवाय. हे फक्त ए मध्येच शक्य होतं. रस्त्यावर कुत्रं आडवं येतंय की नाही हे बघायला तिथे कुणी लागत नाही.

जाता जाता, लाइट म्हणजे वजनाने हलकी असा अर्थ घेऊ नका. मीही सुरुवातीला तोच घेतला होता. लाइट रेल हा शब्द १९७२ मध्ये अमेरिकेत सरकारी खात्यात रूढ झाला. गाडी कमी लोक नेणारी, बांधकाम कमी अवजड, एवढाच त्याचा अर्थ.

एकाच लाइनीत तिन्ही

मला सर्वांत आवडलेलं उदाहरण आहे अमेरिकेतल्या बॉस्टनचं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथल्या ट्रेमाँट स्ट्रीटवर ट्रामची एवढी गर्दी व्हायची की एकीच्या टपावरून दुसरीच्या टपावर चालत जाता येईल, असं गमतीने म्हणत. उपाय म्हणून त्यांनी ट्राम जमिनीखाली नेली. १ सप्टेंबर १८९७ ला सुरू झालेला तो बोगदा अमेरिकेतला पहिला सबवे. म्हणजे अमेरिकेचा पहिला सबवे बांधला गेला तो ट्रामसाठी!

तीच लाइन आज ग्रीन लाइन म्हणून चालते. बोगद्यातून बाहेर पडल्यावर तिला फाटे फुटतात. एक फाटा जुन्या रेल्वेमार्गावरून जातो. तो १९५९ मध्ये ट्रामसाठी उघडला, रस्त्यांपासून पूर्ण वेगळा. दोन फाटे मोठ्या रस्त्यांच्या मधल्या पट्टीतून जातात, दर चौकात थांबत. आणि एका फाट्याचं शेवटचं टोक सरळ रस्त्यात, मोटारींच्या मागे. ए, बी, सी, सगळं एका नावाखाली.

आता डोकं चालवा. त्या रस्त्यातल्या टोकावर कुणी चुकीची गाडी पार्क केली. ट्राम अडकली. ती बोगद्यात पोचायला उशीर झाला. बोगदा सगळ्या फाट्यांचा एकच. मग तिच्यासाठी ठेवलेली जागा रिकामी गेली, आणि नंतर ती आली तेव्हा दुसऱ्या फाट्याची ट्राम तिच्यामागे थांबली. म्हणजे पूर्ण वेगळ्या रुळावरून आलेला माणूससुद्धा दुसरीकडच्या पार्किंगमुळे उशिरा पोचू शकतो. आपल्या प्रॅक्टिकलच्या बॅचसारखंच आहे हे. एकाची जर्नल राहिली की सगळ्या ग्रुपची सही राहते.

माझ्यासाठी यातला धडा असा: लाइनीचा बहुतेक भाग वेगळा केला म्हणून समाधान मानू नये. उरलेला छोटा भाग सगळ्याचं वेळापत्रक बिघडवू शकतो.

चौक हीच खरी परीक्षा

बी पद्धतीत सरळ रस्त्यावर फारसा त्रास नसतो. त्रास असतो वळणाऱ्या गाडीचा. ह्यूस्टनला १ जानेवारी २००४ ला सुमारे १२ किलोमीटरची लाइट रेल सुरू झाली. पहिल्या वर्षातच मोटारींशी साठाहून जास्त टकरी झाल्या. बहुतेक वेळा मोटारवाला मनाई असूनही डावीकडे वळत होता. तिथे गाड्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून त्यांचं डावं वळण म्हणजे आपलं उजवं वळण. मोटारवाला समोरच्या ट्रॅफिककडे बघत असतो, आणि ट्राम येते त्याच्या मागून, त्याच्याच बाजूने. आरशात बघितलं नाही तर संपलं.

मेलबर्नने शहराच्या मध्यभागात यावर मजेशीर तोडगा ठेवलाय. तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालतात. उजवीकडे वळायचं असलेली गाडी मधल्या लेनमध्ये थांबली तर ती रुळांवरच थांबणार. म्हणून नियम असा की उजवीकडे वळायचं असेल तर आधी डाव्या कडेला या, चौकात पुढे जाऊन थांबा, आणि सिग्नल बदलताना वळा. याला हुक टर्न म्हणतात. ऐकायला उलटं वाटतं, पण रूळ मोकळे राहतात.

दुसरा उपाय सिग्नल प्रायॉरिटी. चौकाच्या आधी रुळाजवळ सेन्सर असतो. ट्राम येतेय हे कळलं की हिरवा दिवा थोडा लांबवायचा किंवा लवकर द्यायचा. झुरिचमध्ये तर हा राजकारणाचा विषय झाला होता. ट्राम जमिनीखाली न्यायची योजना तिथल्या मतदारांनी १९६२ मध्ये फेटाळली, १९७३ मध्ये भुयारी रेल्वेची योजनाही फेटाळली, आणि १९७७ मध्ये ट्राम-बस रस्त्यावरच वेगाने चालाव्यात म्हणून २० कोटी फ्रँक खर्चायला मंजुरी दिली. म्हणजे त्यांनी ठरवलं की खाली जायचं तर मोटारींसाठी रस्ता मोकळा करायला ट्रामने का जावं?

पण यालाही मर्यादा आहे. एक साधा हिशोब केला. दोन्ही दिशांना दर तीन मिनिटांनी एक गाडी, म्हणजे तासाला ४० गाड्या. प्रत्येकीसाठी फाटक ४० सेकंद बंद ठेवलं तर झाले १६०० सेकंद. तासातले ३६०० पैकी १६००, म्हणजे आडवा रस्ता ४४ टक्के वेळ बंद! दोन गाड्या एकदम आल्या तर थोडं कमी, पण अंदाज आला ना? गाड्या अजून वाढल्या की वर किंवा खाली जाण्यावाचून पर्याय उरत नाही. जर्मनीत कार्ल्सरूहेच्या मुख्य बाजाररस्त्यावर ट्राम इतक्या झाल्या की एकीमागे एक भिंतच उभी राहायची. शेवटी डिसेंबर २०२१ मध्ये तिथे बोगदा सुरू झाला.

कोलकात्याचं उलटं गणित

आपल्या देशात ट्राम टिकली ती कोलकात्यात. १८७३ मध्ये घोड्यांवर प्रयोग, १९०२ मध्ये वीज. तिथे कित्येक रस्त्यांवर रुळांची स्वतःची राखीव पट्टी होती. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत बऱ्याच ठिकाणी ती पट्टी काढून काँक्रीट केलं, आणि मोटारींना वापरायला दिली. वुचिक यांच्या भाषेत जे बी होतं ते सी केलं. मग ट्राम मोटारींमागे अडकू लागली, प्रवाशांना चालत्या ट्रॅफिकमधून रस्त्याच्या मधोमध जाऊन चढावं लागलं, आणि मग ट्राममुळेच रस्ता अडतो अशी ओरड झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्याच्या परिवहनमंत्र्यांनी मैदान ते एस्प्लनेड एवढा वारसा मार्ग ठेवून बाकी ट्राम बंद करणार असं जाहीर केलं. आजोबांना हे वाचून दाखवलं. ते एवढंच म्हणाले, "आमच्या वेळेला पण असंच म्हणत होते."

सरांचा प्रश्न

सेमिनारच्या दिवशी मी फार खुशीत होते. स्लाइड्स मस्त झाल्या होत्या. शेवटच्या स्लाइडवर मी आपल्या कॉलेजसमोरच्या रस्त्याचं उदाहरण घेतलं होतं. मधोमध लाइट रेल, दोन्ही बाजूंना सलग कुंपण, चौकाशिवाय कुठेही उघडं नाही. वेग वाढेल, अपघात कमी होतील, वगैरे. टाळ्या पडल्या. मागच्या बाकावर बसलेल्या सरांनी एकच प्रश्न विचारला.

"मग मेसच्या मावशी रस्ता कुठून ओलांडणार?"

सगळा वर्ग गप्प झाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्या गेटसमोर डिव्हायडरमध्ये एक फट आहे. टपरीवर जाताना आपण सगळे तिथूनच जातो, कारण खरा चौक पाऊण किलोमीटर लांब आहे. गेल्या पावसाळ्यात पहाटे पाच वाजता पोळ्या लाटायला येणाऱ्या मावशींना त्याच फटीत एका मोटारसायकलने उडवलं. पाय मोडला. तीन महिने त्या आल्या नाहीत. आपण तीन महिने कडक पोळ्यांबद्दल कुरकुर केली. मीही केली.

माझ्या कुंपणाने ती फट बंद झाली असती. आणि मावशींना पहाटे अंधारात दीड किलोमीटर जास्त चालावं लागलं असतं. नाहीतर त्यांनी कुंपण वाकवलं असतं, जसं लोक सगळीकडे वाकवतात. तेव्हा मग समोरून मोटारसायकल नाही, ३४ मीटरमध्ये थांबणारी ट्राम आली असती.

सर रागावले नाहीत. म्हणाले, "वेगळं करायचं ते मोटारींपासून. माणसांपासून नाही. परत विचार कर."

परत वाचायला बसले तेव्हा आदिस अबाबाचं उदाहरण सापडलं. इथिओपियाच्या राजधानीत २०१५ मध्ये तीसहून जास्त किलोमीटरची लाइट रेल सुरू झाली. काही भाग खांबांवर, पण बराचसा रस्त्याच्या मधोमध कुंपणात. गाडीला रस्ता मोकळा मिळाला, पण दोन बाजूंच्या वस्त्यांमध्ये जणू भिंत आली. जिथे आधी कुठूनही पलीकडे जाता यायचं तिथे लोकांना ठरावीक जागेपर्यंत चालत जावं लागलं. म्हणजे माझी चूक काही माझी एकटीची नव्हती!

मग मी डिझाइन बदललं. दर दोन-तीनशे मीटरवर पायी क्रॉसिंग ठेवलं, पण सरळ नाही, झेड आकाराचं. आधी मोटारींचा रस्ता ओलांडायचा, मग मधल्या सुरक्षित बेटावर थांबायचं. तिथले कठडे असे लावायचे की चालणाऱ्याचं तोंड आपोआप येणाऱ्या ट्रामकडे वळतं. ट्रामकडे बघितल्याशिवाय पुढे पाऊल टाकताच येत नाही. जगात बऱ्याच ठिकाणी ही पद्धत वापरतात, आणि त्यासाठी फार पैसेही लागत नाहीत. थोडे पाइप, थोडी फरशी, एक दिवा. तिथे ट्रामचा वेगही मी ताशी ५० वरून ३० वर आणला. त्याच सूत्राने आणीबाणीचं अंतर ३४ मीटरवरून साधारण १२ मीटरवर आलं. वेग निम्म्याच्या जरा वर, पण अंतर जवळजवळ एक तृतीयांश! वर्गाची जादू.

मग उत्तर काय?

मेसच्या टेबलावर परत तोच वाद निघाला तेव्हा मी पहिल्यांदाच थोडं शहाण्यासारखं बोलू शकले. सगळं खांबांवर न्यायचं तर जमिनीवरच्या लाइनीपेक्षा कितीतरी पट पैसा लागतो, आणि आजी-आजोबांना जिने चढावे लागतात. सगळं रस्त्यात मिसळायचं तर आजोबांची टॅक्सी पुन्हा आडवी येते. म्हणून अख्ख्या शहराला एक उत्तर नाही. चौकाचौकाला वेगळं उत्तर आहे. मोकळ्या रस्त्यावर उंच कडेची पट्टी. छोट्या चौकात सिग्नल प्रायॉरिटी. जिथे गाड्या आणि मोटारी दोन्ही फार, तेवढ्याच जागी वर किंवा खाली. जिथे बाजार आणि माणसं, तिथे मोटारी बाहेर काढायच्या आणि ट्राम हळू चालवायची. आणि ही पट्टी पार्किंगला वापरली तर दंड करायची हिंमत ठेवायची. पुण्यात २००६ मध्ये बीआरटीची वेगळी लेन सुरू झाली तेव्हा त्या लेनमध्ये दुचाक्या कशा घुसायच्या हे अनेकांनी पाहिलंय. काँक्रीटची कडा बांधणं सोपं, ती पाळून घेणं अवघड.

वडापावच्या गाडीवाला मित्र म्हणाला, "म्हणजे शेवटी मीच बरोबर." अर्धा बरोबर आहेस बाबा, मान्य.

एक राहिलंच. आपल्या रस्त्यावर लाइट रेल कधी येईल मला माहीत नाही. बहुधा माझी नातवंडं मला फोन करून विचारतील तेव्हा. पण त्या फटीसाठी लाइट रेलची वाट बघायची गरज नाही. आमच्या ग्रुपने गेटसमोर पहाटे पाच ते सहा आणि संध्याकाळी पाच ते सहा किती माणसं ओलांडतात ते आठवडाभर मोजलं. झेड क्रॉसिंगचं ड्रॉइंग केलं. सरांनी तपासलं, दोनदा परत पाठवलं, तिसऱ्यांदा सही केली. आता ते कॉलेजच्या पत्रासोबत रस्त्याच्या कार्यालयात गेलंय. उत्तर अजून आलेलं नाही.

ड्रॉइंग पाठवण्याआधी मी ते मावशींना दाखवलं होतं. त्यांनी पोळपाट बाजूला सारून नीट बघितलं. मग मधल्या बेटावर बोट ठेवून म्हणाल्या, "इथं दिवा हाय का पोरी? पहाटंला लई अंधार असतो."

दिवा होता. पण तो मी पलीकडच्या फुटपाथवर काढला होता. आता बेटावर आहे.